थांबा, थांबा, दम खा!

मुलांनो, जरा अशी कल्पना करा, की तुम्ही एका लांबलचक रांगेत उभे आहात. पुढे माणसं, मागे माणसं, आणि तुमच्या पायावर तिसऱ्याच कोणाचा तरी पाय. समोर सुताचं जुनं गोदाम आहे. त्याच्या दारात एक दाढीवाला माणूस सोनेरी कापड गुंडाळलेलं शिंग घेऊन उभा आहे. तो गाल फुगवतो, डोळे वटारतो आणि वाजवतो, "तॅ तॅ तॅ, तॅ तॅ तॅ!" लगेच गोदामातून आवाज येतो, "पोट! पोटात आग पडलीय तुझ्या, आग!"

तुमच्या पुढचा बेकरीवाला दोन्ही हातांनी पोट धरतो. "अरे देवा! यांना कसं कळलं?"

सगळी रांग म्हणते, "आहाहा!" तुम्हीही म्हणणार होतात ना? थांबा. ते "आहाहा" जरा खिशात ठेवा. आधी आत जाऊन बघू.

आत एका उंच स्टुलावर, दाराकडे पाठ करून, फुंकरमहाराज बसलेले असत. डोळ्यांवर एकावर एक तीन टॉवेल बांधलेले. पहिला टॉवेल त्यांचा स्वतःचा. दुसरा रांगेतल्या कोणाचा तरी, खात्री पटावी म्हणून. तिसरा उगाचच. पण तिसऱ्या टॉवेलला लोक फार भुलतात. अंगावर हिरवा मखमली झगा. असे हे महाराज, पाठमोरे आणि डोळे बांधलेले, आत येणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं त्याने तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे होत.

"विश्व म्हणजे काय?" ते गरजत. "फुंकर! तू कोण? फुंकर! मी कोण? मोठी फुंकर! लहान फुंकर मोठ्या फुंकरीत फुंकली, की दुखणं फुर्रर्र!"

लोक माना डोलवत. मीही तिथे होतो, खोटं कशाला बोलू? शाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती, वेळ जाता जात नव्हता, म्हणून मी फक्त गंमत बघायला गेलो होतो. माझा दुखरा गुडघाही माझ्याबरोबर आला होता. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही.

दुखणं सांगून झालं, की महाराज औषध देत. औषध म्हणजे एक बूच लावलेली रिकामी बाटली.

"महाराज, ही रिकामी आहे," एकाने धीर करून म्हटलं.

"रिकामी? अरे वेड्या, आत माझी फुंकर आहे! दुखलं की बूच काढायचं आणि हुंगायचं."

दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत आला. "महाराज, हुंगली, पण काहीच वाटलं नाही."

"बूच किती वेळ उघडं होतं?"

"हुंगण्यापुरतं."

"मग बरोबर आहे. तू हुंगायच्या आत ती उडून गेली. ही घे दुसरी."

त्या माणसाने दुसरी बाटली विकत घेतली आणि वर आभार मानले.

बाटलीबरोबर एक अट असे. महाराजांच्या पायाशी एक लोखंडी पेटी होती. आपली जुनी औषधं त्या पेटीत टाकायची आणि पुन्हा त्यांचं नाव घ्यायचं नाही. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," महाराज म्हणत, "आणि एका घरात दोन औषधं नांदत नाहीत!"

इथपर्यंत पोटभर हसून घ्या. कारण आता मला आत्याबद्दल सांगायचं आहे.

माझ्या शेजारच्या घरात तीन माणसं राहत. आत्या शिलाईकाम करायची. तिचे वडील, म्हणजे आजोबा, पलटणीत बत्तीस वर्षं बिगूल वाजवून घरी आले होते. आणि तिसरी, आत्याची दहा वर्षांची भाची. तिचे आईवडील कामासाठी लांब राहत, म्हणून ती इकडे. आजोबांनी तिला सातव्या वर्षीच बिगूल वाजवायला शिकवला होता. पहिल्या आठवड्याच्या सरावानंतर गल्लीने कानात कापूस घालून तिचं नाव ठेवलं, पिपाणी. ते तिला इतकं आवडलं, की ती शाळेच्या वहीवरही तेच लिहायची.

आत्याला दमा होता. डॉक्टरांनी दिलेला पंप तिच्या शिलाईच्या ॲप्रनच्या खिशात, मापाची टेप आणि खडू यांच्या मध्ये असायचा. गेल्या हिवाळ्यात एकदा ती तो घरी विसरली आणि कपडे पोचवायला निघाली. गल्लीच्या टोकाला पायरीवर बसली ती उठेचना. ओठ निळे पडले. पिपाणी अनवाणी धावत घरी गेली आणि धावत परत आली, म्हणून आत्या आज आहे. ते धावणं पिपाणी विसरलेली नव्हती.

आत्या मात्र पंपाला कंटाळली होती. "चारचौघांत सारखं ते तोंडाला लावायचं," ती मला म्हणाली, "गिऱ्हाईक विचारतं, 'ताई, हे लागण होणारं तर नाही ना?' मास्तर, मला एकदा तरी त्याच्याशिवाय जिना चढायचाय हो." म्हणून एका शुक्रवारी तीही रांगेत उभी राहिली. पिपाणीला बरोबर घेऊन.

दारातला दाढीवाला चेला चपला ठेवून घ्यायचा आणि लाकडी बिल्ला द्यायचा. बोलायला मोठा गोड.

"या ताई, या. चेहरा का असा ओढलेला? जिना चढून आल्यासारख्या दिसताय."

"जिना कसला चढतेय? दमा आहे मला, दहा वर्षं झाली."

"अरेरे! पण हे महाराजांना सांगू नका हं. काही म्हणजे काही सांगू नका. ते स्वतःच ओळखतील!"

आणि त्याने शिंग तोंडाला लावलं. आधी एक सूर वाजवला, मग थांबून दुसरा.

आतून महाराज ओरडले, "आजार आहे, आजार! थांब, सांगू नकोस... दम! बाई, तुझा दम कोंडलाय!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली, महाराजांच्या पाठीला हात जोडून उभी राहिली आणि झगा जवळून पाहिला. तिची शिलाईची नजर पक्की. "कापड झकास आहे," ती नंतर मला म्हणाली, "पण तो पडदा आहे हो, मास्तर. खालच्या काठाला कड्यांची भोकं अजून तशीच आहेत." म्हणजे बघा, महाराज पडदा नेसून बसलेत हे तिला कळलं, तरी महाराजांवर तिचा विश्वास बसलाच. माणसाचं मन असं असतं. ते एका खिडकीतून सगळं बघतं आणि दुसरी घट्ट लावून घेतं.

"जे औषध घेतेस ते रविवारी पेटीत टाक," महाराज म्हणाले. "रविवारी महाफुंकर आहे."

"पंप आहे, महाराज."

"हो, पंपच! तेच म्हणतोय मी, पंप!"

हे सगळं होत असताना पिपाणी दाराशी चपलांचा बिल्ला हातात धरून उभी होती आणि तिचे ओठ आपोआप हलत होते. चेल्याने वाजवलेला दुसरा सूर तिच्या तोंडात शब्दांसकट आला होता, "थांबा, थांबा, दम खा!"

घरी आल्या आल्या ती आजोबांच्या खुर्चीशी गेली. "आजोबा, यंत्र लावा!"

"संत्रं? संत्रं नको, दात शिवशिवतात."

"यंत्र! कानाचं यंत्र!"

आजोबांना कमी ऐकू यायचं. डॉक्टरांनी छान कानयंत्र दिलं होतं, पण झिजू नये म्हणून आजोबा ते काड्यापेटीत घालून खिशात ठेवायचे. पिपाणीने काड्यापेटी काढली आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं. मग दोन्ही सूर तोंडाने म्हणून दाखवले. मी शेजारीच चहा घेत बसलो होतो.

आजोबा हसायला लागले. "अगं, ही तर आपली 'आजारी'ची हाक! आणि दुसरी 'थांबा'!"

मुलांनो, आजोबांनी मला तेव्हा जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो. बिगुलाला बासरीसारखी भोकं नसतात आणि बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्याही नसतात. नुसती पितळेची वळवलेली नळी. ओठ जेवढे घट्ट किंवा सैल कराल, तेवढाच सूर वर किंवा खाली. असे जेमतेम पाचसहा सूर निघतात. पण मैदानावर धूळ उडत असते, बंदुका वाजत असतात, घोडे खिंकाळत असतात, तेव्हा साहेबांचा आवाज दहा पावलांवर पोचत नाही आणि बिगूल अर्धा कोस पोचतो. म्हणून पलटणीत प्रत्येक हुकमाला एक हाक ठरलेली असते. उठा, जेवा, पुढे चला, मागे फिरा, दिवे मालवा. एकदा ठरली, की तोंडाने एक अक्षरही न बोलता पाचशे माणसं एकदम वळतात.

"पण नवे पोरगे हाका विसरायचे," आजोबा म्हणाले. "जेवणाची हाक झाली, की दिवे मालवायचे. मग मी प्रत्येक हाकेला शब्द जोडले. 'आजारी'ची हाक,

कण्हत या, कुथत या,
कडू गोळी गिळून जा!

जेवणाची,

या रे या, ताटं घ्या,
पातळ आहे, पिऊन घ्या!

टपालाची,

पत्र आलं, पत्र आलं,
तुला नाही, त्याला आलं!

आणि कवायतीत थांबायची,

थांबा, थांबा, दम खा!"

एवढं म्हणून त्यांनी कानयंत्र बोटाने दाबलं. "पिपाणी, हाका कोणत्याही पलटणीत असतात. पण 'दम खा' हे माझं आहे. दुसऱ्या पलटणीतल्या माणसाला ही हाक ऐकून फार तर पाय थांबवावेसे वाटतील. दमा आठवणार नाही. दमा ज्याला आठवला, तो माझ्या हाताखाली शिकलाय."

"दोघं," पिपाणी म्हणाली. "एक वाजवणारा आणि एक ऐकणारा."

"आणि असे धंदे करणारे पोरगे तिथेही शिक्षेवाल्यांतच असणार. शिक्षेवाल्यांचीही एक हाक होती. दिवसातून दहा वेळा वाजायची. कानावर पडली, की असतील तसे धावत यायचं. कोणी अर्धी दाढी करून, कोणी एका बुटात. उशीर झाला, की शिक्षा दुप्पट." आजोबांनी ती हाक तोंडाने म्हणून दाखवली.

चुकलात ना? पळत या!
काल चुकलात, आज या!
उद्याचंही आजच या!

"डोक्याला कळायच्या आत पाय पळत असायचे," आजोबा म्हणाले. "बत्तीस वर्षांत एकही जण त्या हाकेला बसून राहिलेला मी पाहिला नाही."

मला फार आनंद झाला होता, पण मी जुना शिक्षक. "पिपाणी," मी म्हटलं, "आपल्याला वाटतंय हे खरं असेल. पण वाटणं वेगळं आणि तपासणं वेगळं. कसं तपासशील?"

तिने डोकं खाजवलं. "उद्या तुम्ही रांगेत उभे राहा, मास्तर. आणि दाढीवाल्याला थाप मारा."

शनिवारी मी रांगेत. पिपाणी माझ्यामागे, हातात वही. पुढच्या माणसांसाठी शिंग वाजलं, की महाराज बोलायच्या आत ती वहीत लिहायची. "दिवे मालवा," तिने लिहिलं. आतून आवाज आला, "झोप! तुला रात्ररात्र झोप नाही!" "ताटं घ्या," तिने लिहिलं. आतून, "पोट!" अशी ओळीने सात माणसं झाली आणि सातही बरोबर आली. मग माझी पाळी.

"काय काका, गुडघा का?" चेल्याने विचारलं. लंगडत होतो ना मी.

"छे छे, गुडघा ठणठणीत आहे," मी म्हटलं. गुडघ्याला फार वाईट वाटलं असणार. "लांबच्या भावाचं पत्र येत नाही, जिवाला घोर लागलाय."

शिंग वाजलं, पत्र आलं, पत्र आलं. आणि तीन टॉवेलांच्या आतून सर्वज्ञ महाराज गरजले, "पत्र! दूरच्या माणसाच्या पत्रासाठी झुरतोयस तू!"

मला एकही भाऊ नाही. मी एकुलता एक आहे.

संध्याकाळी आम्ही तिघांनी वही आत्यासमोर ठेवली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली आणि कात्री खाली ठेवली. "म्हणजे शिंग महाराजांना सांगतं. मग शिंगच पवित्र असेल!"

"अगं, दाढीवाल्याला मी थाप मारली, ती थाप शिंगाने जशीच्या तशी सांगितली! पवित्र शिंग थापा का मारेल?"

"तुमची परीक्षा बघत असतील, मास्तर." मग ती वडिलांकडे वळली. "आप्पा, तुम्हीही ना, यंत्र दोन दिवस लावलंत आणि लगेच तपास सुरू केलात." तिने मापाची टेप बोटाला गुंडाळली. "मला एकदा बघू दे ना करून. एकदाच. नाहीच जमलं तर..."

"नाहीच जमलं तर पंप कुठे असेल?" पिपाणीने विचारलं.

आत्याने पुन्हा कात्री उचलली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली महाराजांच्या गळ्यात होती.

रविवारी गोदाम खच्चून भरलं. आजोबा पहिल्या बाकावर, आज यंत्र कानात. मी त्यांच्याशेजारी. आत्या भिंतीशी उभी, पंप मुठीत घट्ट धरलेला. पिपाणी कुठे होती? महाराजांच्या समोरच्या भिंतीत एक उंच खिडकी होती. तिच्या बाहेर ती एका पिंपावर चढून उभी होती, आणि तिच्या हातात, जुन्या लोकरी मोज्यातून काढलेला आजोबांचा बिगूल.

पहिला आला बेकरीवाला. त्याचं पोट अजून दुखतच होतं. चेल्याने शिंग तोंडाजवळ नेलं, पण तो फुंकणार त्याच्या आत खिडकीतून हाक आली. पत्र आलं, पत्र आलं! आवाज गोदामभर घुमला; डोळे बांधलेल्याला कुठून कळणार कोण वाजवतंय?

"पत्र!" महाराज गरजले. "तुझा मुलगा परदेशात आहे आणि त्याचं पत्र येत नाही!"

"महाराज, मला मुलगा नाही," बेकरीवाला म्हणाला. "माझं लग्नच झालेलं नाही."

मग महाराज म्हणाले, "होईल! लग्न होईल, मुलगा होईल, परदेशी जाईल, आणि मग बघ, कसं पत्र लिहीत नाही तो!"

चेला घाबरला. त्याने घाईघाईने खरी हाक वाजवली, ताटं घ्या, ताटं घ्या.

"आणि... आणि त्याचं पोट दुखेल!" महाराज म्हणाले.

"कोणाचं?"

"मुलाचं! होणाऱ्या मुलाचं! परदेशातलं अन्न!"

खिडकीतून आणखी एक हाक, दिवे मालवा.

"म्हणून त्याला झोप लागणार नाही!"

चेल्याने कपाळाला हात लावला आणि चिडून पुन्हा ताटं घ्या. खिडकीतून कण्हत या. चेल्याचं ताटं घ्या. खिडकीचं पत्र आलं. महाराज स्टुलावर भोवऱ्यासारखे फिरायला लागले. "पोट! आजार! पोटात पत्र! पत्र गिळलंय याने! अरे, एक काय ते नक्की वाजवा!"

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं आणि गोदामात कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कोणी. आजोबा तर डोळे पुसत होते.

पण महाराजही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते स्टुलावरच उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले. "दुष्ट शक्ती! दुष्ट शक्ती आपल्या नादात नाद मिसळतेय! हसणाऱ्यांनो, याद राखा, तुमची दुखणी दुप्पट होतील! कुठाय ती दम्याची बाई? पुढे ये! ज्याच्या मनात शंका तो मेला, ज्याच्या मनात श्रद्धा तो तरला. टाक तो पंप पेटीत!"

हसू थांबलं. माणसं घाबरली की अशीच गप्प होतात. आत्या भिंतीपासून निघाली. एकेक पाऊल टाकत पेटीशी आली. पेटीचं झाकण महाफुंकरीसाठी उघडलेलं होतं. तिने पंप असलेला हात पुढे केला. मी उठायला गेलो तर माझ्या गुडघ्याने नेमकं तेव्हाच दगा दिला.

खिडकीतून पिपाणीला सगळं दिसत होतं. इतक्या हाका वाजवून तिचे ओठ सुजले होते, श्वास पुरत नव्हता. ती नंतर मला म्हणाली, "मास्तर, मला रडू येत होतं, आणि रडताना बिगूल वाजत नाही. म्हणून मी रडायचं नंतर ठेवलं." तिने ओठ चाटले, छाती भरून श्वास घेतला आणि एवढ्या वेळात न वाजवलेली हाक वाजवली.

चुकलात ना? पळत या!
काल चुकलात, आज या!
उद्याचंही आजच या!

काय सांगू तुम्हाला! फुंकरमहाराज स्टुलावरून असे उडाले, की टॉवेल एकीकडे आणि झगा दुसरीकडे. आत चट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि भोकाचा बनियन. एक पाय पेटीला अडकला, तरी तसेच ते लंगडत, धडपडत गोदामाच्या मधोमध धावले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले. दारातून चेला शिंग टाकून सुसाट आला. त्याची दाढी वाटेतच गळून पडली. तोही महाराजांच्या शेजारी ताठ. दोघं एका सुरात ओरडले, "हजर, साहेब!"

मागची माणसं बाकांवर चढून बघायला लागली.

आजोबा सावकाश उठले. काठी टेकत दोघांसमोर गेले. "पोट आत!"

दोन्ही पोटं आत गेली.

"हनुवटी वर! काय रे, तुम्ही दोघं. हाका शिकवताना माझ्या वर्गात शेवटच्या रांगेत बसायचात ना? एक झोपायचा आणि दुसरा त्याला उठवायचा."

"हो, उस्ताद," महाराज बारीक आवाजात म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण उशीर झाला होता.

पिपाणी खिडकीतून उतरून आत आली. मी तिला स्टुलावर उभं केलं. तिने शिंगावरचं सोनेरी कापड सोडलं, आणि आतून निघाला पलटणीचाच एक जुना, पोचे पडलेला बिगूल. मग तिने एकेक हाक वाजवून तिचे शब्द सगळ्यांना सांगितले. चेला दारात दुखणं विचारून घेतो, हाकेतून आत कळवतो, महाराज ऐकून ओरडतात. बस, एवढंच. मग तिने नुसती हाक वाजवली आणि विचारलं, "सांगा, याला काय झालंय?"

"पोट!" सगळं गोदाम ओरडलं.

"आणि याला?"

"पत्र!"

"म्हणजे मीही महाराज झालो की!" बेकरीवाला म्हणाला.

"हो," मी म्हटलं, "फक्त तीन टॉवेल कमी आहेत."

तेवढ्यात कोणीतरी पेटी पालथी केली. आतून चष्मे निघाले, साखरेच्या आजाराच्या गोळ्या निघाल्या, कोणाच्या तरी पोराच्या खोकल्याची बाटली, एक कवळी, आणि दुसऱ्या कोणाचे तरी दम्याचे दोन पंप. ते पाहून लोकांचा राग उसळला. एकाने चेल्याची मानगूट धरली, दुसऱ्याने महाराजांचा बनियन. जो तो ओरडायला लागला.

त्या गोंधळात मी जे ओरडून सांगत होतो ते कोणी ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. या दोघांना मारून काही शहाणपण येणार नाही. त्यांना पोलिसांच्या हवाली करायचं, आणि ते आम्ही केलंही. पण उद्या दुसरा कोणी पडदा नेसून येईल, तेव्हा काय? आजोबांच्या खिशात इतके दिवस चांगलं यंत्र होतं. ते कानात असतं, तर पहिल्याच दिवशी हे सोंग उघडं पडलं असतं. आपली अक्कलही तशीच असते, मुलांनो. सगळ्यांकडे असते, पण झिजेल म्हणून काड्यापेटीत ठेवून दिलेली. ती वापरल्याने झिजत नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर घाबरू नका आणि चिडूही नका. आधी विचारा, याला हे कुठून कळलं? मग एक थाप मारून बघा, ती थाप चमत्काराला ओळखता येते का. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही पेटीत टाकू नका.

आता आत्या. तिचा पंप धरलेला हात पेटीवर थांबला होता तो थांबलाच होता. महाराज चड्डीत धावताना तिने पाहिलं आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता ती बाकावर बसली. मग तिचं हसणं बदललं. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. गोदामात एवढा आरडाओरडा चालला होता, की कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. माणसं तिच्या अंगावर रेटून आली होती, तिला हात वर करायलाही जागा नव्हती.

पिपाणीने ते स्टुलावरून पाहिलं. तिने बिगूल पुन्हा ओठांना लावला आणि वाजवलं.

थांबा, थांबा, दम खा!

आता ते शब्द सगळ्यांना माहीत होते. मानगूट धरलेले हात तसेच राहिले, उघडी तोंडं मिटली, रेटणारी माणसं मागे सरकली. एवढं मोठं गोदाम जागच्या जागी थांबलं. त्या शांततेत एक छोटासा आवाज आला, "फुस्स." थोडा वेळ गेला आणि पुन्हा, "फुस्स." मग आत्याने एक लांब, खोल श्वास आत ओढला आणि सावकाश सोडला.

पिपाणी स्टुलावरून खाली उतरली, आत्याशेजारी जाऊन बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि नंतरसाठी ठेवलेलं रडू रडून घेतलं.